जुने कमर्शियल वायरलेस सेट हौशी रेडिओच्या दोन मीटर पट्ट्यावर (१४४–१४६ मेगाहर्ट्झ) आणायचे आहेत: जीएम३३८, जीएम३०० आणि एक यूएचएफ

सातपूरचा_शॅक:

नमस्कार मंडळी. एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाड्यांतून उतरवलेले चार सेट बिलासकट मिळाले आहेत. दोन मोटोरोला जीएम३३८ (मागच्या स्टिकरवर १३६–१७४ मेगाहर्ट्झ, २५–४५ वॅट), एक जीएम३०० व्हीएचएफ (१४६–१७४) आणि एक जीएम३०० यूएचएफ (४०३–४३३). चारही चालू होतात, जुने चॅनेल आत तसेच आहेत. हौशी रेडिओचा परवाना आहे.

पुढच्या वर्षभरात सिंहस्थाची गडबड सुरू होईल. त्याआधी घरचा बेस सेट आणि गाडीतला एक सेट पक्का करायचा आहे. नाशिकच्या सातपूरहून पंचवटी, तपोवन आणि जमलं तर त्र्यंबकपर्यंत बोलता यावं, एवढी अपेक्षा. दोन सेट शिल्लक राहिले तर त्यांचा रिपीटर (ऐकलेला सिग्नल त्याच वेळी पुन्हा प्रसारित करणारं केंद्र) करायचा विचार आहे.

हाताशी २० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), मल्टिमीटर, एचएफचा (३० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यांचा) एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा), एक आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) आणि सिरियल पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप आहे. सुरुवात कुठून करू? जीएम३०० वर १४६ च्या खाली जाण्यासाठी आतली कॉइल हलवावी लागते का?

कोएक्सवाला_नाशिकरोड:

आधी चारही सेटचे माईक काढून बाजूला ठेवा. आत जुन्या मालकाच्या फ्रिक्वेन्सी आहेत. चुकून पीटीटी (माईकवरचं बोलण्याचं बटण) दाबला गेला तर दुसऱ्याच्या चॅनेलवर प्रसारण होईल आणि तुमचा हौशी परवाना तिथे काहीही कामाचा नाही. जुने चॅनेल पुसले, आपले भरले, डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर गिळणारा ५० ओहमचा भार) लावला, मगच माईक.

डमी लोड नसेल तर आज संध्याकाळी बनतो. १ किलोओहम, २ वॅटचे वीस कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर पॅरलल जोडा: ५० ओहम, ४० वॅट. दोन गोल तांब्याचे पत्रे (कोऱ्या पीसीबीचे तुकडेही चालतात), त्यांच्यामध्ये रेझिस्टर उभे, पाय शक्य तितके आखूड, मधोमध सॉकेट. पाय एक-एक सेंटिमीटर लांब राहिले तरी १४५ वर त्यांचं इंडक्टन्स जाणवतं. सिरॅमिकच्या पांढऱ्या विटेसारखे वायरवाउंड रेझिस्टर अजिबात नकोत, ते आतून कॉइलच आहेत. ४५ वॅटवर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि पुढच्या वेळेआधी हात लावून बघा.

तुमचे दोन जीएम३३८ हे यातलं खरं सोनं. त्यांची रेंजच १३६ पासून सुरू होते, त्यामुळे १४४–१४६ हा आपला पूर्ण पट्टा कारखान्याच्या हद्दीतच येतो. झाकण उघडायचं काम नाही. माईकच्या आठ पिनी सॉकेटमधून प्रोग्रॅमिंग केबल, प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर आणि अर्धा तास. पहिलं काम ‘रीड’, दुसरं ती फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवणं, तिसरं एडिट. हा क्रम मोडू नका. मूळ फाइल हाताशी असेल तर लिहिताना वीज गेली तरी सेट परत उभा करता येतो.

एडिट करताना लोक तीन ठिकाणी अडकतात. चॅनेल स्पेसिंग १२.५ किलोहर्ट्झ राहिलेलं असतं. ते २५ करा, नाहीतर तुमचा आवाज समोरच्याला बारीक येईल आणि समोरच्याचा आवाज तुमच्याकडे शेंड्यांवर फाटेल. दुसरं, रिसीव्हच्या बाजूला जुना सबटोन (आवाजाखाली जाणारा ओळखीचा टोन, तो आला तरच स्पीकर उघडतो). तो राहिला की सेट मुका वाटतो आणि माणूस रिसीव्हर खराब झाला म्हणून उघडायला बसतो. सिम्प्लेक्सला (रिपीटरशिवाय थेट बोलताना) रिसीव्ह टोन काढूनच टाका. रिपीटरला लागत असेल तर फक्त ट्रान्समिटला ठेवा. तिसरं, टाइम-आउट टायमर. तो ६० सेकंदांवर ठेवा. गाडीत माईक सीटखाली दाबला गेला तरी चॅनेल तासभर अडकणार नाही.

मागचा अँटेना सॉकेट मिनी-यूएचएफ आहे, त्यावर नेहमीचा पीएल-२५९ प्लग बसत नाही. मिनी-यूएचएफ नर ते एसओ-२३९ मादी असं अडॅप्टर आणा, आणि जाड कोएक्सचं (अँटेनाच्या केबलचं) वजन त्या अडॅप्टरवर लटकवू नका. एक हातभर पातळ केबलची शेपटी मध्ये द्या.

गाड्यांचे जुने अँटेना आले असतील तर ते जसेच्या तसे वापरू नका. १६० मेगाहर्ट्झला कापलेला पाव-लांबीचा व्हिप साधारण ४४.५ सेंटिमीटर असतो, १४५ ला ४९ लागतो. कापून लांब होत नाही, नवी सळई घाला. ५२ सेंटिमीटरची घेऊन थोडी थोडी कापत खाली या. एचएफचा एसडब्ल्यूआर मीटर इथे बाजूला ठेवा, दोन मीटरवर त्याचा आकडा भरवशाचा नाही.

घरच्या बेसला कोएक्सवर पैसे खर्च करा, सेटवर नाही. पातळ आरजी-५८ केबलमध्ये १४५ वर १०० मीटरला साधारण २० डीबी जातात. गच्चीपर्यंत २० मीटर टाकली की ४ डीबी, म्हणजे ४५ वॅटमधले वर पोचतात १८. जाड आरजी-२१३ ला तेवढ्याच लांबीत २ डीबीच्या आत जातात, वर २९-३० वॅट मिळतात, आणि येणारा सिग्नलही तेवढाच वाचतो. शिवाय आरजी-५८ तुम्हाला फसवते: एका बाजूने ४ डीबी, परत येताना ४ डीबी, त्यामुळे वर अँटेना तुटून पडली तरी खाली मीटर एसडब्ल्यूआर २.३ च्या आसपासच दाखवेल.

वायरचंही तसंच. ४५ वॅटला सेट ११-१२ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून ५ मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. १.५ चौरस मिमी वायर घातली तर सव्वा व्होल्टच्या वर वाटेतच जातो. ४ चौरस मिमी घातली तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास. फ्यूज बॅटरीच्या टोकाला, दोन्ही वायरींना.

त्र्यंबकबद्दल: शहर ६०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि वाटेत अंजनेरी १३०० मीटरच्या घरात उभा आहे. २५ वॅटचे ४५ केले की अडीच डीबी वाढतात, डोंगर तेवढ्याने हलत नाही. तिथे उंचीवरचा रिपीटर किंवा मध्ये थांबलेला माणूस लागेल. पंचवटी आणि तपोवनाला मात्र १० वॅटही पुरतील, गच्चीवरची अँटेना मोकळी हवी.

जीएम३०० वर वेगळं लिहावं लागेल, ते खाली.

कोएक्सवाला_नाशिकरोड:

जीएम३०० व्हीएचएफ. कॉइल हलवू नका. १४६–१७४ चा सेट १४४-१४५ वर बहुतेक वेळा काहीही न करता लॉक होतो (आतला ऑसिलेटर त्या फ्रिक्वेन्सीवर पक्का धरला जातो). अडचण सॉफ्टवेअरची आहे, कारण ते १४६ च्या खालचा आकडा घेत नाही. ही हद्द सेटमध्ये नाही, सॉफ्टवेअरच्या मॉडेल डेटाच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. हेक्स एडिटरने तिथला खालचा आकडा बदलतात. मूळ फाइलची प्रत आधी, आणि बदललेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाचा सेट त्याच प्रतीने लिहिला जाणार नाही.

हे सॉफ्टवेअर डॉसचं आहे आणि त्याला हळू चालणारा संगणक लागतो. वेगवान प्रोसेसरवर सिरियलचं वेळापत्रक बिघडतं आणि लिहिताना मध्येच एरर येते. विंडोजच्या आतली डॉस खिडकी नको, यूएसबी-सिरियल नको. तुमचा जुना डेस्कटॉप शुद्ध डॉसवर बूट करा. मध्ये आरआयबी नावाचा डबा हवाच: संगणकाचा सिरियल पोर्ट प्लस-मायनस व्होल्टेज देतो, सेटची डेटा-बस ५ व्होल्टची आहे. थेट तार जोडली तर सेटचा तो भाग जळतो.

मागचा १६ पिनी सॉकेट बघा. तिथे १५ आणि १६ या पिना जोडणारा छोटा प्लग असतो, आतला स्पीकर त्यातून चालतो. गाडीतून उतरवताना तो प्लग बहुतेक वेळा गाडीतच राहतो आणि सेट ‘आवाज नाही’ म्हणून भंगारात जातो. हे फक्त जीएम३०० साठी. जीएम३३८ च्या मागच्या सॉकेटची पिनरचना वेगळी आहे, तिथे हा जंपर लावू नका.

सॉफ्टवेअरने आकडा स्वीकारला म्हणजे सेट तिथे चालतो असं नाही. रिसीव्ह आणि ट्रान्समिट दोन्ही वेगवेगळे तपासा. रिसीव्हच्या वेळी व्हीसीओ (फ्रिक्वेन्सी बनवणारा तो ऑसिलेटर) आयएफच्या (रिसीव्हरच्या आतल्या ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) अंतराने दुसरीकडे चालत असतो, म्हणून एक बाजू लॉक होऊन दुसरी न होणं अगदी शक्य आहे. लॉक सुटला की सेट सलग भसाडा टोन देतो आणि प्रसारण थांबवतो.

गंगापूररोड_ताई:

वर सगळं बरोबर आहे, त्यात डेव्हिएशनची (आवाजाने फ्रिक्वेन्सी किती हलते त्याची) भर घालते, कारण कमर्शियल सेट हौशी पट्ट्यावर आणल्यावर हाच भाग सगळ्यात जास्त राहून जातो. स्पेसिंग २५ केलं म्हणून डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झ होईलच असं नाही. आधीच्या मालकाकडे कुणीतरी ट्यून करून ठेवलेलं असतं.

तुमच्याकडे डोंगल आहे, म्हणजे सर्व्हिस मॉनिटरशिवाय काम होतं. एफएममध्ये मॉड्युलेशन इंडेक्स (डेव्हिएशन भागिले टोनची फ्रिक्वेन्सी) २.४०५ झाला की मधला कॅरिअर नाहीसा होतो. ५ किलोहर्ट्झ भागिले २.४०५ म्हणजे २०७९ हर्ट्झ. मोबाइलच्या टोन जनरेटर अॅपवर २०७९ हर्ट्झ लावा, माईकसमोर धरा, सेट डमी लोडवर आणि सर्वात कमी पॉवरवर. एसडीआरचा स्पेक्ट्रम झूम करून मधली रेघ बघत आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा. बाजूच्या रेघा वाढत जातात आणि एका क्षणी मधली रेघ गवतात (तळाच्या खरखरीत) बुडते. तिथे डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झ. आवाज आणखी वाढवल्यावर ती परत डोकं काढते. आवाज पूर्ण दिला तरी रेघ बुडतच नसेल, तर लिमिटर (डेव्हिएशनला हद्द घालणारा भाग) ५ च्या आत कापतोय. मग १८७१ हर्ट्झवर बघा: तिथे बुडली तर ४.५, आणि ते चांगलंच आहे, तसंच ठेवा. १०४० ला बुडून त्यापुढे काहीच होत नसेल तर सेट अजून अरुंदवरच आहे, स्पेसिंग लिहिलं गेलेलं नाही.

डोंगल सेटला कधीही तारेने जोडू नका. डमी लोडमधून गळणारं पुरतं. डोंगलची अँटेना काढून ठेवा किंवा दोन मीटर लांब बसवा. स्पेक्ट्रममध्ये सगळीकडे भुतं (खोटे सिग्नल) दिसायला लागली तर डोंगल गुदमरतोय, आणखी लांब न्या.

फ्रिक्वेन्सी त्याच बैठकीत बघा. सेट आणि डोंगल दोन्ही वीस मिनिटं तापू द्या. १४५ वर १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे १४५ हर्ट्झ. साधा डोंगल स्वतःच कित्येक पीपीएम चुकतो, तेव्हा आधी त्याला एखाद्या खात्रीच्या सिग्नलवर लावून घ्या. चारही सेट एकाच डोंगलवर बघितले तर निदान एकमेकांच्या तुलनेत कोणता सरकलाय ते लगेच कळतं. पाचशे हर्ट्झच्या वर सरकलेला असेल तर रेफरन्स ऑसिलेटर ट्यूनर सॉफ्टवेअरमधून जागेवर आणा.

देवळाली_यूएचएफ:

यूएचएफ जीएम३०० बद्दल कोणी बोललं नाही. जीएम३०० चे यूएचएफ तुकडे ४०३–४३३ आणि ४३८–४७० असे होते, आणि आपला सत्तर सेंटिमीटरचा पट्टा आहे ४३४–४३८. नेमका दोघांच्या मधल्या खड्ड्यात. परदेशी पानांवर ‘४४० वर छान चालतो’ असं वाचाल, ते ४३८ वाल्या सेटबद्दल असतं. आपल्याकडे ४४० वर प्रसारण करता येत नाही.

तुमचा ४०३–४३३ वाला वर ढकलायचा आहे. हद्दीपुढे एक-दोन मेगाहर्ट्झ बहुधा लॉक होतो, ४३५ पर्यंत आशा धरायला हरकत नाही. लॉक झाला तरी रिसीव्हरचं पुढचं फिल्टर ४३३ पर्यंत बसवलेलं आहे, त्यामुळे संवेदना किती पडली ते मोजल्याशिवाय भरवसा ठेवू नका. सोपा उपाय: एक क्षीण स्थिर सिग्नल घ्या, ४३२ वर आणि ४३५ वर किती अॅटेन्युएशनला स्क्वेल्च बंद होतो (सेट मुका होतो) ते लिहून ठेवा. ३ डीबीचा फरक चालेल, १० चा नाही. ही तुलना नुसती ऐकायची आहे, ४३२ वर पीटीटी दाबायचा नाही.

४३४ च्या अगदी खालच्या टोकाला चॅनेल ठेवू नका. गाड्यांच्या रिमोट चाव्या ४३३.९२ वर असतात. पार्किंगशेजारी राहत असाल तर दिवसभर टकटक ऐकू येईल.

अंजनेरी_रिज:

रिपीटरचा विचार आहे म्हणून एक गोष्ट स्पष्टच सांगतो, पैसे वाया जाऊ नयेत. बाजारात व्हीएचएफचे हातात मावणारे सहा खान्यांचे डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर रिसीव्ह आणि ट्रान्समिट वेगळं ठेवणारी फिल्टरं) मिळतात. ते घेऊ नका. त्यांना रिसीव्ह-ट्रान्समिटमध्ये साधारण ५ मेगाहर्ट्झ अंतर लागतं. आपला आख्खा दोन मीटर पट्टाच २ मेगाहर्ट्झचा आहे आणि रिपीटरचं अंतर ६०० किलोहर्ट्झ. तो डुप्लेक्सर कसाही ट्यून केला तरी जमणार नाही, ट्रान्समीटर आपल्याच रिसीव्हरला बहिरं करेल. ६०० किलोहर्ट्झला मोठ्या कॅव्हिटी (धातूच्या नळकांड्यांची फिल्टरं) लागतात, प्रत्येक अर्ध्या मीटरहून उंच, चार किंवा सहा. त्या सेटपेक्षा कितीतरी महाग पडतात.

दुसरं, उष्णता. ४५ वॅटला ११ अँपिअर गुणिले १३.८ म्हणजे १५२ वॅट आत जातात, त्यातले १०७ वॅट निव्वळ उष्णता. गाडीत माणूस अर्धा मिनिट बोलतो आणि पाच मिनिटं ऐकतो, त्या हिशेबाने ते हीटसिंक बनवलेलं आहे. रिपीटरला सलग दहा मिनिटं दाबलेलं राहतं, तेही मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत. म्हणून पॉवर खाली आणायची. पण २५–४५ वॅटचा सेट ५ वॅटवर नेऊ नका, पॉवर कंट्रोल अस्थिर होऊन आजूबाजूला घाण सिग्नल सोडू शकतो. २५ वर ठेवा आणि १२ सेंटिमीटरचा पंखा हीटसिंकच्या पंखांवर थेट, पीटीटीबरोबर नाही, कायम चालू. रिपीटरला खरा योग्य सेट म्हणजे याच जीएम३३८ चा १–२५ वॅटचा प्रकार. तसा मिळाला तर बदलून घ्या.

तुमच्याकडच्या सामानातून कमी खर्चात होणारी गोष्ट म्हणजे क्रॉसबँड: एक सेट दोन मीटरवर, एक सत्तर सेंटिमीटरवर. कॅव्हिटी लागत नाहीत, दोन अँटेना आणि थोडं उभं अंतर पुरतं. जीएम३०० च्या मागच्या सॉकेटवर ३ नंबर पीटीटी, ७ जमीन, ११ रिसीव्ह ऑडिओ, ५ फ्लॅट ट्रान्समिट ऑडिओ, २ माईक ऑडिओ. ११ वर येणारा आवाज फ्लॅट (न गाळलेला) हवा की डी-एम्फसिस झालेला (उंच सूर गाळलेला), हे आतल्या जेयू५५१ जंपरवर ठरतं. फ्लॅट घेतला तर ५ ला जोडा, गाळलेला घेतला तर २ ला. उलटसुलट जोडलं की आवाज एकतर डब्यातून आल्यासारखा घुमतो किंवा नुसता स-श-ष ऐकू येतो. आणि रिपीटर किंवा क्रॉसबँड सुरू करण्याआधी परवान्याच्या अटी बघा, विनादेखरेख चालणारं केंद्र हा वेगळा विषय आहे.

सातपूरचा_शॅक:

सगळ्यांचे आभार. दोन्ही जीएम३३८ झाले, स्पेसिंग खरंच १२.५ वर होतं. ताईंच्या पद्धतीने २०७९ ला रेघ बुडली नाही, १८७१ ला बुडली, तसंच ठेवलं.

जीएम३०० व्हीएचएफचा आकडा असा: १४५.५०० ला दोन्ही बाजू लॉक. १४४.१०० ला रिसीव्ह ठीक, पण सकाळी पहिल्यांदा पीटीटी दाबला की भसाडा टोन. दहा मिनिटं चालू ठेवला की मग चालतो. व्हीसीओचा कंट्रोल व्होल्टेज ट्रान्समिटला १४५.५०० वर २.१ आणि १४४.१०० वर, चालतो तेव्हा, १.३ व्होल्ट. आता तरी व्हीसीओची ढाल उघडू का?

कोएक्सवाला_नाशिकरोड:

नका उघडू. तुमच्या आकड्यांत उत्तर आहे. १.४ मेगाहर्ट्झ खाली आल्यावर व्होल्टेज ०.८ ने उतरला, आणि १.३ ला तो तळाला टेकायला आलाय. थंडीत व्हीसीओ किंचित सरकतो, तेवढ्यासाठी लागणारी जागा लॉक धरणाऱ्या लूपकडे उरलेली नाही, म्हणून सकाळी टोन येतो. ढालीखालचा भाग कारखान्यात बसवलेला असतो. तिथे कॅपॅसिटर वाढवून खालचं टोक मिळेल, पण रिसीव्हची बाजू आणि फ्रिक्वेन्सीची स्थिरता दोन्ही बिघडतात.

आणि एफएमला १४४.१०० हवंय कशाला? तो भाग सीडब्ल्यू (मोर्स) आणि एसएसबीचा (एफएमपेक्षा अरुंद आवाजाचा प्रकार). आपलं एफएम सिम्प्लेक्स आणि रिपीटर १४५ च्या वर आहेत. या सेटमध्ये १४५.००० च्या खालचा एकही ट्रान्समिट चॅनेल ठेवू नका. १४५.८०० ते १४६ उपग्रहांसाठी आहे, तिथे फक्त रिसीव्ह भरा. १४५.८०० वर अंतराळ स्थानकाचा डाउनलिंक ऐकू येतो.

१४५.००० वरचा व्होल्टेज मोजून ठेवा, १.८ च्या आसपास यायला हवा. मग सेट बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा आणि तासभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच, पिशवी न उघडता फक्त वायरी बाहेर घेऊन, डमी लोडवर १४५.००० ला तीनदा पीटीटी. पिशवी उघडली तर गार सेटवर दव धरतं, ते पुसून भागत नाही, वाळू द्यावं लागतं. तीनही वेळा टोन आला नाही तर जानेवारीत पहाटे निफाडच्या बाजूला गाडी उभी करून बोलायलाही हा सेट चालेल. एकदा जरी आला, तर खालची हद्द १४५.२०० करा आणि परत मोजा.

सातपूरचा_शॅक:

१४५.००० वर १.८२ आला. सेट पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलाय, तासाने आकडे टाकतो.